विजेची गाडी घेतली, पण घरात स्वस्थता नाही

प्रश्न (पत्राचा सारांश): जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. घरात पती, दोन शाळकरी मुले आणि सासू-सासरे आहेत. बरीच वर्षे वापरलेली पेट्रोलची गाडी विकून त्यांनी मार्च महिन्यात विजेवर चालणारी मोटार घेतली. आग्रह त्यांचा होता आणि पैशातला मोठा वाटाही त्यांच्याच बचतीचा होता. आता तीन महिन्यांनी त्या लिहितात की, कंपनीने एका चार्जिंगमध्ये ४६० किलोमीटर सांगितलेली गाडी उन्हाळ्यात २९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये घरच्या मीटरवरून घेतलेल्या पंधरा अँपियरच्या प्लगवर त्या गाडी चार्ज करतात. प्लग दोन खांब पलीकडे असल्यामुळे मध्ये एक्स्टेंशन बोर्ड लावावा लागतो, आणि रात्री कधीकधी चार्जिंग आपोआप थांबते. सोसायटीच्या सचिवांनी आगीच्या भीतीने चार्जिंग बंद करण्याचे पत्र दिले आहे. वीजबिल दुपटीहून अधिक झाले आहे. मे महिन्यात पुण्याहून परतताना महामार्गावरच्या चार्जिंग केंद्रात एक यंत्र बंद होते, दुसऱ्यापुढे रांग होती; भर दुपारी दीड तास गेला, मधुमेह असलेल्या सासऱ्यांचे जेवण चुकले आणि त्यांचे हात थरथरू लागले. त्या दिवसापासून ते या गाडीत बसत नाहीत. सासूबाईंना मागे बसून मळमळते. दीर म्हणतात, “वीज शेवटी कोळशाचीच, मग मिळवले काय?” पती काहीच बोलत नाहीत, आणि तेच त्यांना अधिक लागते. त्या विचारतात: “माझा निर्णय चुकला का? तोटा सोसून गाडी विकून टाकावी का?”

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र सलग वाचले की सगळ्या गोष्टींचे खापर गाडीवर फुटते, आणि गाडी तुमच्या आग्रहाने आली असल्यामुळे शेवटी ते तुमच्याच माथी येते. तीच हकिकत सुटी करून वाचली, तर तिच्यातला काही भाग गाडीचा आहे, काही वायरिंगचा, काही सोलापूरच्या उन्हाळ्याचा, आणि बराचसा भाग घरात एकमेकांशी बोलायच्या राहून गेलेल्या गोष्टींचा आहे. विकण्याच्या प्रश्नाकडे मी येईनच. त्याआधी एक काम मात्र आजच्या आज करायचे आहे.

तो एक्स्टेंशन बोर्ड काढून टाका. बोर्डाच्या पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले आहे, असे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे. साऱ्या पत्रातले सर्वांत गंभीर वाक्य मला ते वाटले. गिझर किंवा इस्त्री हीसुद्धा जास्त भार घेणारी उपकरणे आहेत, पण ती थोड्या वेळात बंद होतात. गाडी मात्र तीन किलोवॅटच्या आसपासचा भार तासन् तास, एका दमात ओढत राहते. एवढ्या वेळात जोड जराही सैल असला तर तिथे उष्णता साठते, पितळी पट्टी तापून आणखी सैल होते आणि प्लास्टिक भाजू लागते. अशी आग लागली तर दोष बॅटरीला दिला जाईल, पण ती सुरू होईल बोर्डापासून. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून थेट तुमच्या पार्किंगच्या खांबापर्यंत स्वतंत्र वायर ओढून घ्या. तांब्याची किमान चार चौरस मिलिमीटरची वायर हवी, अंतर जास्त असेल तर सहाची. तिच्यावर भार वाढल्यास वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी हवा आणि गळती झाल्यास वीज तोडणारा तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. घरातला साधा सॉकेट न लावता कारखान्यात वापरतात तसा जाड सॉकेट लावायला सांगा. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरायला हवा होता. बहुतेक घरांत तो धरला जात नाही, आणि विक्रेतेही त्याची आठवण क्वचितच करून देतात.

रात्री चार्जिंग आपोआप थांबते, त्यामागे बहुधा अर्थिंग आहे. अर्थिंग नीट नसेल तर पुष्कळ गाड्या वीज घ्यायलाच नकार देतात किंवा मध्येच थांबतात, आणि ते आपल्या सुरक्षिततेसाठीच असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठाक पडते, मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा वाळून जातो आणि हिवाळ्यात व्यवस्थित चालणारे अर्थिंग उन्हाळ्यात दगा देते. इमारतीचा खड्डा कुठे आहे ते शोधा, त्याचे झाकण उघडून पाहा, त्यात पाणी घालण्याची व्यवस्था करा आणि इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल व अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजून घ्या. गाडी सर्व्हिसिंगला नेऊन “चार्जिंग बिघडले आहे” म्हणून तक्रार करण्याआधी हे करून पाहावे. याच पत्त्यावर येणाऱ्या इतर पत्रांतूनही हीच अडचण दिसते.

आता सचिवांचे पत्र. बोर्डाबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि तुम्ही ते मोकळेपणाने मान्य करावे. पण चार्जिंगच बंद करा, हे म्हणणे टिकणारे नाही. आपल्या घरी, आपल्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. तरीही हे नियम हातात धरून सचिवांच्या दारात उभे राहू नका. आधी बोर्ड काढा, मग त्यांना भेटा, आणि बोर्ड काढल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा. त्यानंतर लेखी अर्ज द्या: वायर कोणत्या मार्गाने जाणार, खर्च कोणाचा, वीज कोणत्या मीटरची, काम कोणत्या परवानाधारकाने केले, जवळ कोणत्या प्रकारचे अग्निशामक ठेवणार. हा विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा, अशी विनंती तुम्हीच करा. आज तुमची एक गाडी आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी चार येतील, आणि प्रत्येकाने आपापली वायर मनाला येईल तशी ओढली तर सचिवांची भीती खरी ठरेल. मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत सर्वांसाठी एकच नीट मार्ग ठरवून घेतला तर तो साऱ्या इमारतीच्या उपयोगाचा आहे, आणि हे त्यांच्या लक्षात आणून देणारी व्यक्ती तुम्ही असाल तर विरोध पुष्कळ निवळेल.

रेंजच्या, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते याच्या, बाबतीत तुम्हाला फसवले गेल्यासारखे वाटते, ते समजण्यासारखे आहे. ४६० हा आकडा प्रयोगशाळेत, ठरावीक वेगांच्या चक्रावर, एसी बंद ठेवून मोजलेला असतो. तो खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्यांचाही नसतो, आणि जाहिरातीत तो ज्या आकाराच्या अक्षरांत छापला जातो त्या आकाराच्या अक्षरांत ही गोष्ट छापली जात नाही. तुमच्या गाडीची बॅटरी ४५ युनिटची आहे. २९० किलोमीटर म्हणजे शंभर किलोमीटरला सुमारे साडेपंधरा युनिट. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना, पाच-सहा माणसे घेऊन आणि एसी चालू ठेवून हा खर्च येत असेल, तर गाडी उत्तम स्थितीत आहे. उन्हात भाजलेली गाडी थंड करताना पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत एसी सर्वांत जास्त वीज खातो. म्हणून घरून निघण्याआधी, वायर लावलेली असतानाच गाडी थंड करून घ्यावी, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही. महामार्गावर ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, आणि हा फरक विजेच्या गाडीत लगेच आकड्यांत दिसतो. पेट्रोल गाडीतही तो होताच. फक्त टाकीचा काटा इतक्या बारकाईने सांगत नव्हता.

समोरच्या पडद्यावर दिसणारे “इतके किलोमीटर शिल्लक” हे गाडीने अलीकडच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. तुळजापूरचा घाट चढताना तो आकडा भराभर खाली येतो आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. उतरताना काही भाग परत मिळतो, पण तोवर गाडीतल्या मंडळींचे समाधान गेलेले असते. तुम्ही बॅटरीची टक्केवारी आणि शंभर किलोमीटरचा युनिट-खर्च एवढ्या दोनच गोष्टी पाहायची सवय लावा. आणि एक हिशोब स्वतःसाठी मांडा. शाळा, दुकान, शिकवण्या, भाजी, देवदर्शन मिळून तुमची रोजची धाव चाळीस किलोमीटरच्या आत आहे, असे पत्रावरून दिसते. म्हणजे दिवसाला सहा-सात युनिट, अर्थात पंधरा अँपियरच्या प्लगवर फार तर तीन तास. रोज रात्रभर गाडी लावून ठेवण्याची गरज नाही, आणि मोठ्या चार्जरसाठी मंजूर भार वाढवून घेण्याचीही तूर्त गरज नाही. अक्कलकोट चाळीस किलोमीटरच्या आसपास, तुळजापूर पंचेचाळीसच्या, पंढरपूर सत्तरच्या पुढे. यांतले कोणतेही ठिकाण जाऊन-येऊन एका चार्जिंगमध्ये आरामात होते. तुमच्या सगळ्या तक्रारींत २९० किलोमीटर कमी पडल्याचा प्रसंग एकच आहे, तो पुण्याचा. वर्षातून थोड्याच वेळा होणाऱ्या प्रवासावरून वर्षभराच्या गाडीची पारख होत असेल, तर ती पारख अपुरी आहे.

चार्जिंग किती टक्क्यांपर्यंत करावे, याबद्दल तुम्हाला परस्परविरोधी सल्ले मिळत आहेत, कारण आतल्या रसायनांवरून बॅटरी दोन जातींच्या आहेत. एलएफपी प्रकारची बॅटरी अधूनमधून पूर्ण भरावी लागते, म्हणजे तिचा टक्क्यांचा अंदाज बरोबर राहतो. एनएमसी प्रकारच्या बॅटरीला रोजच्या वापरात ऐंशीच्या आसपास थांबवणे मानवते. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत तुमची कोणती ते लिहिलेले असेल. पुस्तिका सांगते तेच करा आणि शेजाऱ्यांचे सल्ले बाजूला ठेवा.

वीजबिलाकडे एकटे पाहिले तर ते दचकवणारच. महिन्याला १,२०० किलोमीटर धाव धरली, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज मिळवून सुमारे २१० युनिट लागतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढत जातो: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. त्यामुळे गाडीचे युनिट तुमच्या घरच्या युनिटांच्या डोक्यावर, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. सगळे आकार आणि शुल्क धरून युनिटला अठरा रुपये असा चढा दर लावला, तरी गाडीचा वाटा पावणेचार हजारांच्या आसपास येतो. जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल, तर तेवढ्याच धावेला ऐंशी लिटर पेट्रोल लागले असते, आणि लिटरचा दर शंभराच्या वर आहे. फरक दरमहा चार हजारांहून अधिक आहे, पण तो कोणाला दिसत नाही. पेट्रोलचे पैसे पूर्वी थोडेथोडे, कधी पतीच्या आणि कधी तुमच्या खिशातून जात होते. विजेचे पैसे एकाच कागदावर, एकाच तारखेला समोर येतात. वाहनासाठी स्वतंत्र मीटर घेतला तर हा वाटा वेगळा दिसेल आणि घरगुती टप्प्यांची चढणही टळेल. वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्ग आहे. महावितरणच्या उपविभाग कार्यालयात सध्याचा दर आणि स्थिर आकार विचारून, मगच ठरवा. इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय सोसायटीत निघणार असेल तर त्यालाही पाठिंबा द्या. सोलापूरला ऊन कमी नाही.

आता मी तुमच्या सासऱ्यांकडे येते, कारण पत्रातला खरा सल तिथे आहे.

त्या दुपारी जे झाले ते किरकोळ नव्हते. मधुमेहाच्या माणसाचे हात थरथरणे हे रक्तातली साखर उतरल्याचे लक्षण असू शकते, आणि ते ज्यांनी स्वतः अनुभवले त्यांना “एक यंत्र बंद होते एवढेच” असे सांगून बरे वाटत नाही. त्यांच्या डॉक्टरांशी या प्रसंगाबद्दल एकदा बोला. प्रवास कोणत्याही वाहनाने असो, त्यांच्या हाताशी ग्लुकोज, बिस्किटे आणि डबा असलाच पाहिजे, आणि इन्सुलिन घेत असतील तर ते तापलेल्या गाडीत न ठेवता थंड पिशवीत ठेवले पाहिजे. महामार्गावरची रांग तुमच्या हातात नव्हती. जेवणाची वेळ हातात होती, आणि पुढेही ती हातात ठेवता येईल.

पण त्यांच्या नकाराचे कारण एवढेच असेल, असे मला वाटत नाही. तुम्ही लिहिले आहे की, जुन्या गाडीत प्रत्येक वेळी किती पेट्रोल भरले ते सासरे वहीत तारखेनिशी लिहीत असत, आणि मोहोळच्या पुढे कोणत्या मेकॅनिककडे रात्रीही माणूस असतो हे त्यांना ठाऊक होते. त्या गाडीत पंप कुठला चांगला, हवा कुठे तपासायची, आवाज बदलला तर काय समजायचे, हे सगळे घरात त्यांना विचारले जायचे. नव्या गाडीत त्यांना विचारण्यासारखे काही उरलेले नाही. तिची सगळी माहिती तुमच्या मोबाईलमध्ये आहे. वर्षानुवर्षे साऱ्या घराला सुखरूप नेऊन आणणारा माणूस अचानक मागच्या सीटवरचा प्रवासी झाला, आणि पहिल्याच मोठ्या प्रवासात त्याचे हाल झाले. त्यांना गाडीची भीती वाटत असेलही, पण त्याहून अधिक त्यांना आपली जागा गेल्यासारखे वाटत असेल, तर तुम्ही समजावून सांगितलेल्या रेंजच्या आकड्यांनी त्यांचे समाधान होणार नाही. उलट प्रत्येक आकडा त्यांना ‘हे तुम्हाला कळत नाही’ असाच ऐकू येईल.

म्हणून त्यांची वही पुन्हा सुरू करा, आणि ती खरोखर त्यांच्या हाती द्या. किती टक्क्यांवर निघालो, किती किलोमीटर झाले, किती टक्के उरले, युनिट किती लागले, हवामान कसे होते. महामार्गावर कोणत्या केंद्रात कोणती गन, म्हणजे गाडीत खोचायचा चार्जिंगचा दांडा, चालू होती, सावली होती का, स्वच्छतागृह कसे होते, जवळ जेवण मिळते का. कंपन्यांच्या ॲपवर ही शेवटची माहिती कधीच नीट मिळत नाही, आणि तुमच्या घराला सर्वांत जास्त गरज तिचीच आहे. हे काम त्यांचे मन राखण्यासाठी देऊ नका. त्यांच्या वहीवरून पुढचा थांबा ठरू द्या, म्हणजे ते काम खरे होईल.

पुण्याचा विषय काही दिवस काढूच नका. एखाद्या दिवशी पहाटे, ऊन चढण्याआधी अक्कलकोटला जायचे ठरवा. जायचे का, हे त्यांना विचारा. नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका, तुम्ही जाऊन या आणि वहीतल्या नोंदी त्यांच्यासमोर ठेवा. ते येतील तेव्हा त्यांना पुढे बसवा. परतायची वेळ त्यांनी ठरवावी.

आणि पुण्याला जाल तेव्हा प्रवासाची आखणी वेगळी करा. अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. महामार्गावरच्या वेगाने पूर्ण बॅटरीत ते कसेबसे होईल, पण कसेबसे पोहोचणे हा सासू-सासऱ्यांसोबतचा प्रवास नव्हे. घरून शंभर टक्के भरून पहाटे निघा. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या पट्ट्यात, बॅटरी चाळीस-पन्नास टक्के असतानाच थांबा. वीस टक्के होईपर्यंत वाट पाहिली की पर्याय संपतात, आणि चिंता पर्याय संपल्यावर सुरू होते. थांब्याची दोन केंद्रे आधीच ठरवा: पहिले बंद असेल तर दुसरे तीस-चाळीस किलोमीटरच्या आत हवे. निघण्यापूर्वी केंद्रातल्या माणसाला फोन करून यंत्र चालू असल्याची खात्री करा. ॲपमधला हिरवा ठिपका पुरेसा नाही. निदान तीन वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप घरीच उतरवून त्यांत थोडे पैसे भरून ठेवा, कारण उन्हात उभे राहून ओटीपीची वाट पाहण्यासारखा मनस्ताप नाही. ऐंशी टक्के झाले की गन काढा. ऐंशीच्या पुढे चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जातो, आणि शेवटच्या वीस टक्क्यांत तुमचाही वेळ जातो व मागे उभ्या असलेल्या कुटुंबाचाही. कडक उन्हात बॅटरी तापलेली असेल तर गाडी स्वतःहून वेग आणखी कमी करते, म्हणून दुपारी बारा ते चार या वेळेत महामार्गावरचा थांबा ठेवूच नका. बहुतेक गाड्यांत चार्जिंग चालू असताना एसी लावून आत बसता येते; पुस्तिकेत पाहून घ्या. हे त्या दुपारी तुम्हाला कोणी सांगितले असते, तर निम्मा त्रास टळला असता.

एक व्यावहारिक सूचना इतर वाचकांसाठीही: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू इथे विजेच्या मोटारींना मिळणारी टोलमाफी सोलापूर-पुणे राष्ट्रीय महामार्गाला लागू नाही, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे ठेवून निघा.

सासूबाईंच्या मळमळीचा उपाय सोपा आहे आणि तो चालवणाऱ्याच्या पायात आहे. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर उलटी वीज तयार करू लागते आणि गाडी ओढून धरल्यासारखी मंदावते; पुन्हा पाय ठेवताच ती झटक्यात उचलते. चालवणाऱ्याला याची गंमत वाटते, पण मागे बसलेल्या माणसाचे पोट प्रत्येक वेळी ढवळते. घरची मंडळी सोबत असतील तेव्हा हा परिणाम सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा, इको मोड लावा आणि पाय हळूहळू उचला. वीज थोडी कमी परत मिळेल. मिळू द्या.

दिरांच्या मुद्द्यात तथ्य आहे. आपल्या शहराजवळच एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प कोळशावर चालतो आणि तुमच्या प्लगमधल्या विजेत कोळशाचा वाटा मोठा आहे. मात्र पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतांश ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देते, विजेची मोटर हातात आलेली बहुतांश ऊर्जा चाकापर्यंत पोहोचवते. शिवाय शाळेच्या दारात उभ्या मुलांच्या नाकातोंडात तुमच्या गाडीचा धूर जात नाही. हे एकदा शांतपणे सांगा आणि वाद तिथेच सोडा. तुम्ही गाडी रोजच्या सोयीसाठी आणि खर्चासाठी घेतली. साऱ्या देशाच्या विजेचा जाब तुम्ही द्यायचा नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जपून वाचावे लागले ते पतीच्या मौनाबद्दलचे दोन-तीन शब्द. ते बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना निर्णय पटलेला नाही, असा तुम्ही धरला आहे. असेलही. पण चार्जिंगचे ॲप तुमच्या फोनवर आहे, कार्ड तुमच्या पर्समध्ये आहे, सोसायटीचे पत्र तुमच्या नावावर आले, शोरूमशी तुम्ही बोलता. पैशाचा मोठा वाटा तुमचा होता म्हणून गाडीचा बचावही एकट्याने करायचा, असे तुम्ही नकळत मानलेत, आणि मग घरातल्या इतरांना, पतीलाही, प्रेक्षक होण्यावाचून जागा उरली नाही. गाडी सगळ्या घराची आहे, तर तिची काळजीही वाटून घ्यावी लागेल. ॲप त्यांच्या फोनवर उतरवा, पुढच्या पुणे प्रवासाचे थांबे त्यांना शोधू द्या, इलेक्ट्रिशियनचे काम त्यांनी उभे राहून करवून घ्यावे. आणि त्यांना सरळ विचारा: “ही गाडी चालवताना तुम्हाला नेमके काय अवघड वाटते?” हा प्रश्न विचारताना उत्तराला उत्तर देऊ नका, पहिल्या दिवशी फक्त ऐका. त्यांचे उत्तर ‘मला ती आवडत नाही’ असे आले तरी, मौनापेक्षा ते बरे, कारण त्याच्याशी पुढे काही करता येते.

आता विक्रीचा प्रश्न. निर्णय चुकल्याचे एकही लक्षण मला पत्रात दिसत नाही. तयारी अपुरी होती, हे दिसते, आणि तयारी अजूनही करता येते. कोणतीही नवी मोटार पहिल्या वर्षात विकली की किंमत सर्वांत जास्त घसरते. विजेच्या मोटारींचा जुना बाजार आपल्याकडे अजून पुरता स्थिरावलेला नसल्यामुळे इथे ती जास्तच घसरेल. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर वायरिंग होईल, सोसायटीची सभा होईल, उन्हाळा जाऊन गाडीचा बऱ्या हवेतला खर्च वहीत येईल, आणि आखून केलेला एक पुण्याचा प्रवासही होईल. पावसाळ्याची धास्ती बाळगू नका. बॅटरीचे कवच पाण्यापासून चांगले बंद केलेले असते. मात्र साचलेल्या पाण्यात किती खोलीपर्यंत जावे याची पुस्तिकेतली मर्यादा इतर कोणत्याही गाडीइतकीच काटेकोरपणे पाळा, आणि चार्जिंगचा सॉकेट पावसाच्या झडीपासून आडोशाला घ्या.

दिवाळीनंतरही काही परिस्थितीत विकणे योग्य ठरेल, आणि ते मी तुम्हाला स्पष्ट सांगते. सोसायटीशी सर्व मार्ग करूनही घरी चार्जिंगची सोय झाली नाही, आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या केंद्रावर जावे लागले, तर खर्चाचा फायदा बराचसा जाईल आणि कटकट रोजची होईल. पतीच्या व्यवसायात आठवड्यातून दोन-तीनदा लांबचा, अवेळी प्रवास येऊ लागला, तरी ही गाडी त्या कामाला अपुरी पडेल. सासऱ्यांना उपचारासाठी अचानक पुण्याला न्यावे लागण्याची शक्यता असेल, तर त्यासाठी गाडी बदलण्याआधी ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा क्रमांक घरात लावून ठेवा; वर्षातल्या अशा फेऱ्यांचे भाडे जुन्या-नव्या गाडीतल्या नुकसानीपेक्षा फारच कमी असते.

आणि विकायचेच ठरले, तर घाईने पहिल्या दलालाला देऊ नका. अधिकृत सर्व्हिस केंद्रातून बॅटरीच्या स्थितीचा छापील अहवाल घ्या. गाडी चालवणाऱ्या उच्च दाबाच्या मुख्य बॅटरीची हमी अनेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात, पण दुसऱ्या मालकाला ती तशीच मिळते का, आणि त्यासाठी नोंदणी बदलल्यावर किती दिवसांत कळवावे लागते, हे कंपनीनुसार बदलते. हमीपत्रातले ते पान आजच वाचून ठेवा. सासऱ्यांच्या वहीतल्या नोंदी आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या त्याच्यासोबत एकाच फाईलमध्ये लावा. गाडी ठेवलीत तर दुरुस्तीच्या वेळी ती फाईल उपयोगी पडेल, आणि विकलीत तर घेणाऱ्यापुढे ठेवायला त्याहून भक्कम पुरावा तुमच्याकडे दुसरा नसेल.